बारापेड्याची पाकोळी आणि तिचा जमाखर्च

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. त्यांतली एक जात जवळपास नव्वद वर्षं फक्त आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यामुळे जगाला माहीत होती. भीमगडच्या रानात, कृष्णापूर-तळेवाडीच्या अंगाला बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या पाकोळीचं, म्हणजे लहान वटवाघळाचं, वर्णन ऑल्डफील्ड थॉमस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली छापलं आणि तिला रॉटनसाहेबांचं नाव दिलं. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले अधिकारी. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. पुढे कंबोडियात आणि मेघालयातही ही पाकोळी सापडली. पण तोवर शास्त्रज्ञांच्या नकाशावर तिच्यासाठी एकच ठिपका होता, आणि तो खानापुराच्या पश्चिमेला होता.

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की पुतणी माझं वाक्य पुरं करते. तिच्याकडे तिच्या फोनातला साठा असतो. परवा म्हणाली, "काका, ऑक्टोपसला तीन काळजं असतात, ठाऊक हाय काय?"

"हाय की. पण तीन कशाला?"

तिने फोन वर-खाली केला. कारण कुठेच नव्हतं. प्राण्यांच्या अजब गोष्टींबद्दल माझी तक्रार हीच आहे. जत्रेतल्या तंबूत दोन डोक्यांचं वासरू दाखवतात तशा त्या दाखवल्या जातात: बघा, तोंडात बोट घाला, पुढे चला. पण ऑक्टोपसची तीन काळजं ही अडचणीतून काढलेली वाट आहे. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं. म्हणून ते रक्त निळसर दिसतं, आणि आपल्या रक्तापेक्षा प्राणवायू कमी उचलतं. मग दोन काळजं नुसतं कल्ल्यांमधून रक्त ढकलायला आणि तिसरं बाकीच्या अंगाला. त्यातही गंमत अशी की तो पोहायला लागला की हे तिसरं काळीज थांबतं. म्हणूनच बहुधा तो पोहण्यापेक्षा तळावरून सरपटणं पसंत करतो. आता ही गोष्ट अजब राहिली का? राहिली, पण तिला हातपाय फुटले.

प्राण्याचं शरीर म्हणजे एक घर धरा आणि मिळणारं अन्न म्हणजे महिन्याचा पगार. डोळे, मेंदू, पंख, पिल्लं, सगळी त्या एका पगारावर. एकीकडे हात सढळ सोडला की दुसरीकडे आखडावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरणं प्राण्यांनाही चुकलेलं नाही. मात्र हा जमाखर्च लिहायला कुणी दिवाणजी बसलेला नसतो. प्रत्येक पिढीत थोडी वेगवेगळी पिल्लं जन्मतात. ज्यांचा खर्च त्या जागी, त्या काळी परवडतो, त्यांची पोरंबाळं जास्त उरतात. शेतकरी भाताचं बियाणं निवडून ठेवतो तसंच हे. फक्त निवडायला शेतकरी नाही. दुष्काळ, थंडी, साप, उपास हेच निवडतात. उत्क्रांती, उत्क्रांती म्हणतात ती मुळात एवढीच. त्यामुळे अजब प्राणी दिसला की मी एकच विचारतो: ह्याला मिळालं काय आणि त्यासाठी ह्याने मोजलं काय?

तर पाकोळीकडे परत जाऊ.

मिरगाच्या आसपास आमच्याकडे वीज गेली की दारं उघडी पडतात आणि एखादी पाकोळी माजघरात शिरते. आत्या आधी डोक्यावर पदर घेते, केसात अडकते म्हणून. पोरं ओरडतात, कुणीतरी केरसुणी उचलतं. ती मात्र खुंटी, दोरीवरचे कपडे, पंख्याची पाती सगळं टाळून दोन फेऱ्या मारते आणि आली तशी जाते. ती केसात अडकत नाही, कारण केस तिला 'ऐकू' येतात. प्रयोगशाळेत मिलिमीटरपेक्षा बारीक तारा लावलेल्या खोलीतून पाकोळ्या काळोखात बिनधास्त उडतात.

हे कोडं सुटायला दीडशे वर्षं गेली. इटलीतल्या स्पलांझानी यांनी १७९३ च्या सुमारास वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले (तो काळच तसा होता). ती तरीही नीट उडाली. पाठोपाठ जिनिव्हाच्या ज्युरिन यांनी कानात बोळे घातले, आणि ती भिंतींवर आपटायला लागली. म्हणजे कान हवेत हे कळलं. पण ऐकायला आवाज तर हवा? खोलीत तर सामसूम. कोडं तिथेच अडलं, आणि थट्टाही झाली. शेवटी १९३८ साली हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने, माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज पकडणाऱ्या यंत्रापुढे पाकोळ्या नेल्या. यंत्र कडकडायला लागलं. सामसूम फक्त आपल्यापुरती होती.

आवाज बारीक का, हे समजायला थोडं गणित लागेल. तळ्यात बांबूचा खांब रोवला असेल तर मोठी लाट त्याला वळसा घालून निघून जाते, बारीक तरंग मात्र त्याला थडकून मागे फिरतात. आवाजाचंही तसंच. आपलं बोलणं म्हणजे हातभर ते पुरुषभर लांबीच्या लाटा. डासाच्या अंगाला त्या जुमानत नाहीत. पाकोळी सेकंदाला पन्नास हजार कंपनांचा आवाज काढते तेव्हा त्याची लाट जेमतेम ७ मिलिमीटरची होते. माणसाचे कान वीस हजारांच्या पुढे बहिरे. एवढी बारीक लाट डासावरून, पतंगावरून माघारी येते. समोरचा कीटक पावणेदोन मीटरवर असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत. तेवढ्यात अंतर, दिशा, आणि तो जवळ येतोय की पळतोय, सगळं तिला कळतं. भक्ष्य टप्प्यात आलं की आवाजांची घाई होते, सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत.

मिळालं काय, ते हे: रात्रीचं अख्खं आभाळ, जिथे पाखरांची गर्दी नाही आणि किड्यांना तोटा नाही.

मोजलं काय? पहिली गोष्ट, हा आवाज आपल्याला ऐकू येत नसला तरी तो कुजबुजीचा नाही. बहुतेक जाती तोंडापाशी इतक्या मोठ्याने किंचाळतात की आपल्या कानांना तो ऐकू आला असता तर अंगणात बसवलं नसतं. स्वतःच्याच किंकाळीने बहिरं व्हायची पाळी. म्हणून पाकोळीच्या मधल्या कानात एक बारीक स्नायू दर किंकाळीच्या क्षणी आवळतो, आणि प्रतिध्वनी यायच्या आत सैल होतो. शिवाय बारीक आवाज हवेत लवकर विरतो, त्यामुळे तिची 'नजर' काही मीटरांपलीकडे पोचत नाही. उघड्या आभाळात वेगाने उडणाऱ्या जाती म्हणून जरा जाड आवाज वापरतात. त्याला बारकावे कमी, पण पल्ला लांब. बारापेड्याची पाकोळी या दुसऱ्या घराण्यातली. तिचे कान भलेमोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि पुढे झुकलेले. भातलावणीत वाकलेल्या बाईच्या डोक्यावरचं इरलं आठवा.

दुसरं मोल पायांचं. वटवाघळाचा पंख म्हणजे मुळात हात आहे, लांबलचक बोटांमध्ये ताणलेली कातडी. त्याच्या गटाच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'हात हेच पंख' असाच होतो. अंग हलकं ठेवायचं तर पाय काडीसारखे बारीक राहिले. चिमणीसारखी जमिनीवरून उडी मारून उडणं बहुतेकांना जड जातं. मग उंचावर उलटं टांगून घ्यायचं, पाय सोडले की उड्डाण आपोआप सुरू. आणि लोंबकळायला ताकद लागत नाही! पायाच्या बोटांना जोडलेला कंडरा अंगाच्याच वजनाने खेचला जाऊन बोटं मिटतात आणि तिथेच अडकून राहतात. झोपेत मेलेलं वटवाघूळही तसंच लटकत राहतं. उलटं टांगलेलं भूत म्हणून ज्याची भीती दाखवतात, तो खरं तर फुकटचा पलंग आहे.

तिसरं मोल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पोटात गर्भ घेऊन उडायचं तर लेंढार परवडत नाही. उंदरीण एका वेतात सहा-आठ पिल्लं देते. वटवाघळाच्या बहुतेक जातींना वर्षाकाठी एकच. त्याची भरपाई आयुष्यात होते. उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो, तर सायबेरियात कडी चढवून सोडलेलं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं. वजन म्हणाल तर एखाद्या बारीक नाण्याएवढं. पण याचा अर्थ असाही की गुहेत धूर केला, फटाका लावला आणि माद्या मेल्या, तर ती खोट पाच-दहा वर्षांतही भरून येत नाही. रॉटनची पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे, आणि भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. गुहा पाहायला टॉर्च घेऊन टोळकी नेणाऱ्यांनी तेवढं ध्यानात घ्यावं.

(वडाच्या, चिंचेच्या झाडावर दिवसा लटकलेली मोठी वटवाघळं वेगळी. ती फळं खातात, प्रतिध्वनीच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचं काम डोळ्यांवर आणि नाकावर चालतं.)

रॉटनसाहेबांचा स्वतःचा जीव मात्र मुंग्यांवर. या इलाख्यातल्या मुंग्यांवर त्यांनी लिहिलं, आणि एका मुंगीलाही त्यांचं नाव आहे. म्हणून एक मुंगीही सांगून टाकतो. पश्चिम घाटात एक लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची मुंगी आहे. ती चक्क उडी मारून शिकार धरते. राणी मेली की बहुतेक मुंग्यांचं वारूळ संपतं. इथे राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींना टोले द्यायला लागतात. ही कुस्ती कित्येक दिवस चालते. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालायला लागतात, आणि त्यांचा मेंदू साधारण पाचव्या-चौथ्या हिश्श्याने आकसतो. अंडाशय फुगतं. शिकारीला जायचं नाही, वाट शोधायची नाही, मग एवढा मेंदू पोसायचा कशाला? मेंदू महाग अवयव आहे. माणसाच्या वजनात तो दोन टक्के, पण बसल्या जागी खातो अंगाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा. साधी कामकरी सातेक महिने जगते, ही गादीवर बसलेली चारेक वर्षं. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मुंग्यांना गादीवरून उतरवल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या आणि आकसलेला मेंदू पुन्हा वाढला. खुर्चीवर बसलं की मेंदू लहान होतो, यावर आमच्या कट्ट्यावर बरंच हसून झालं आहे, तेव्हा तो विनोद तुम्ही करू नका.

पालीचं थोडक्यात. 'सत्य सत्य' म्हणायला आपण तिला भिंतीवर ठेवलंच आहे. ती छतावर चालते ती डिंकाने नाही की चोषकाने नाही. तळव्यांवर लाखो सूक्ष्म केस, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधली एरवी नगण्य ओढ एकत्र होऊन तिचं अंग पेलते. २००० साली केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी अशा एकेका केसाची ओढ मोजली. शेपटी तुटते तिथे मणक्यातच आधीपासून फट असते. नवी येते ती हाडाची नसून कूर्चेची. आणि शेपटीत चरबीची शिल्लक असते. म्हणजे मांजराच्या तोंडात शेपटी सोडून पळणं हे बँकेतला पैसा टाकून जीव वाचवणं. पाली-सरड्यांच्या काही जाती नंतर माघारी येऊन, उरली असेल तर स्वतःची शेपटी खातातही. पैसा परत खात्यावर.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो प्राणी. पावसाळ्यात बांध फोडताना, शेणखाताचा ढीग उपसताना जांबोटी-कणकुंबीकडे एक गांडुळासारखा, पण बोटाएवढा जाड, चकचकीत, वळ्यावळ्यांचा जीव निघतो. कुणी साप म्हणून खोऱ्याने ठेचतं, कुणी मोठं गांडूळ म्हणून सोडून देतं. दोन्ही चूक. तो देवगांडूळ, बेडकाचा नातेवाईक. त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. पाय नाहीत. डोळे कातडीखाली, काही जातींत तर हाडाखाली गेलेले. मातीत उघडा डोळा म्हणजे कचरा शिरायची वाट. म्हणून तो खर्च बंद. त्याऐवजी डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक इवलीशी सोंड असते, वास आणि स्पर्श टिपणारी. असा अवयव पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही. कवटी भक्कम, पहारीच्या टोकासारखी. चोर्ल्याच्या परिसरातून २००७ साली यांची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला म्हादई नदीचं नाव मिळालं. म्हणजे बेळगाव-पणजी रस्त्यावरून आपण वर्षानुवर्षं गाड्या पळवतोय आणि रस्त्याखालच्या मातीतला शेजारी परवा परवा ओळखीचा झाला.

खरी कमाल त्यांच्या आयांची. आपल्याकडच्या काही जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, ओल टिकवते, मुंग्यांपासून राखते. केनियातल्या एका जातीने याच्या पुढची मजल मारली, २००६ मध्ये ते जगासमोर आलं. पिल्लं बाहेर आली की आईची कातडी जाड होते, चरबीने भरते, आणि पिल्लं खास दातांनी तो वरचा थर सोलून खातात. आठवड्याभरात आईचं वजन जवळपास सातव्या हिश्श्याने उतरतं. ती मरत नाही, नवा थर धरते. ब्राझीलमधल्या एका जातीची आई तर पिल्लांना दुधासारखा स्निग्ध रस पाजते, असं २०२४ साली कळलं. पिल्लं त्यासाठी चक्क आवाज काढून मागतात. दूध पाजणं ही गाईम्हशींची आणि आपली मक्तेदारी, असं शाळेत शिकवताना मी स्वतः फळ्यावर लिहिलं आहे. मातीतल्या काळोखात पिल्लांना खायला बाहेरून आणणं अवघड, म्हणून आईच शिदोरी.

कोकिळेचं सगळ्यांना ठाऊक आहे: कावळ्याच्या घरट्यात अंडं, पोसणार कावळी. एवढंच जोडतो की चैत्रात गाऊन कान किटवतो तो काळा नर. मादी ठिपकेदार तपकिरी, ती गात नाही. गाण्यांत कवींनी तिला दिलेलं श्रेय तिच्या नवऱ्याचं आहे.

राहिलं उंबर. आजी म्हणायची, उंबराचं फूल ज्याला दिसेल तो राजा होईल. कधीतरी भेटणाऱ्या माणसालाही आपण उंबराचं फूल म्हणतो. खरं तर ते फूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कारण फळ म्हणतो तेच आत वळलेलं फुलांचं घर आहे. बारीक बारीक शेकडो फुलं आतल्या भिंतीला, आणि जगाशी संबंध ठेवायला टोकाला एक सुईएवढं भोक. मग पराग नेणार कोण? मधमाशी त्यात शिरणार नाही. तिथे येते मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक गांधीलवर्गातली माशी, जी उंबराशिवाय कुठेच वाढत नाही. भोक इतकं अरुंद की आत शिरताना मादीचे पंख तुटतात. परतीचं तिकीट नाही. आणलेला पराग ती फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडी पडली ती तिच्या पोरांची, बाकीच्यांत उंबराचं बी धरतं. जमीन अर्धेलीने करायला देतात त्यातलाच हा व्यवहार.

आत आधी नर जन्मतात, बिनपंखाचे, जवळपास आंधळे. ज्याला उजेडात उडायचंच नाही त्याला डोळे आणि पंख कशाला? जबडे मात्र दणकट. ते अजून न जन्मलेल्या माद्यांच्या कोठड्या पोखरून तिथेच लग्न लावतात, मग सगळे मिळून फळाच्या भिंतीला बाहेर जायचं भुयार खणतात आणि मरतात. त्या भुयारातून माद्या अंगाला ताजा पराग लावून बाहेर पडतात. त्यांच्याकडे एखाद-दोन दिवसांचं आयुष्य असतं, आणि तेवढ्यात योग्य वेळेला आलेलं, कच्च्या फळांचं दुसरं उंबर गाठायचं असतं. वाऱ्यावर स्वार होऊन त्या कित्येक किलोमीटर जातात.

आमच्या परड्यात एक उंबर आहे. पिकलं फळ फोडलं की आजी ते तळहातावर आपटायची, फुंकर मारायची आणि 'गेले गं किडे' म्हणून अर्धं मला द्यायची. परवा पुतणीनेही तसंच फळ फोडलं, पण फुंकर मारली नाही. चिमुकल्या काळ्या माद्या एकेक करून तिच्या मनगटावर चढल्या, पंख झटकले आणि उडाल्या. तिथून सगळ्यांत जवळचं दुसरं उंबर मलप्रभेच्या काठी देवळामागे आहे, चांगलं अर्ध्या कोसावर. वारा कुठला आहे ते बघायला ती बोट ओलं करून अंगणात उभी राहिली.